बॅटरीपासून स्विचापर्यंत

भायखळा आणि रे रोड या दोन स्थानकांच्या दरम्यान, देवाच्या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या घोडपदेवच्या वस्तीत, चाळींचा संसार आणि अवजड वाहनांचा राबता ही दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. पूर्वेस हार्बरचा लोहमार्ग ओलांडला की बंदराच्या मालकीच्या जमिनी, लोखंडाची गोदामे आणि जहाजमोडीसाठी प्रसिद्ध असलेला दारूखाना लागतो. आणि लोखंडाचा बराचसा व्यापार कळंबोलीस हलल्यानंतरही पत्रे, तुळया व यंत्रे वाहून नेणारे ट्रेलर या भागातून अद्याप ये-जा करीत असतात. साहजिकच येथे विजेचे काम जाणणारे दोन प्रकारचे कारागीर आढळतात. एक इमारतींच्या मीटरपेट्यांशी आयुष्य घालविलेला वायरमन, आणि दुसरा वाहनांच्या पोटाखाली झोपून काम करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन. दोघांचीही उपजीविका तांब्याच्या तारेवर. परंतु एकाची नजर 230 व्होल्टांवर तयार झालेली असते, तर दुसऱ्याची 12 किंवा 24 व्होल्टांवर. ट्रेलरवरील बॅटरी तोडण्याचा स्विच बसवावयाचा असतो, तेव्हा या दोन नजरांतील अंतर स्पष्टपणे उघड होते.

त्या दोन विचारसरणींना मी येथे अण्णा आणि मिस्त्री अशी नावे देऊन समोरासमोर बसविले आहे. विचारासाठी घेतलेला मामला असा : एका सखल ट्रेलरला यंत्रे चढविण्या-उतरविण्यासाठी मागील बाजूस हायड्रॉलिक रॅम्प आहे, त्याच्या पंपाची मोटार 12 व्होल्टांवर, पूर्ण भार असता, सुमारे 150 अँपिअर प्रवाह घेते, बॅटरी पुढच्या पेटीत असून मोटार तिच्यापासून 5 मीटर अंतरावर आहे, आणि मध्ये स्विच बसवून सारी बॅटरी हाताने तोडता यावी, अशी मालकाची इच्छा आहे. तार कोणती घ्यावी?

अण्णा : मिस्त्री, तुम्ही सांगता ती अंगठ्याएवढी जाड केबल मला अनावश्यक वाटते. दीडशे अँपिअर आणि 12 व्होल्ट यांचा गुणाकार 1,800 वॉट होतो; एवढ्याच शक्तीचे पाणी तापविण्याचे यंत्र आमच्या चाळीतील खोल्यांतून दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर वर्षानुवर्षे चालते आणि ती तार कोमटसुद्धा होत नाही. शक्ती तीच असताना तांबे मात्र चाळीस-पन्नासपट लागावे, ही गोष्ट हिशेबात कशी बसावी?

मिस्त्री : अण्णा, तुमचा हिशेब शक्तीचा आहे, तारेला मात्र शक्ती कळत नाही, तिला केवळ प्रवाह कळतो. तुमच्या खोलीत 1,800 वॉटांसाठी आठ अँपिअरही वाहत नाहीत, कारण मागे 230 व्होल्टांचा दाब उभा असतो. येथे दाब बाराच असल्यामुळे त्याच कामासाठी दीडशे अँपिअर वाहावे लागतात, आणि तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय तुमच्या 230 व्होल्टांतून दीड व्होल्ट वाटेत हरवला तर कोणाच्या लक्षातही येत नाही; माझ्या बारांतून दीड व्होल्ट हरवला, म्हणजे आठव्या हिश्श्याची वीज रस्त्यातच लुटली गेली. एडिसनने 1882 साली न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटवरून 110 व्होल्टांची वीज पुरविण्यास आरंभ केला, तेव्हा जमिनीखाली जाडजाड तांबे पुरूनही मैलभराच्या परिसरापलीकडे ती पोहोचविणे त्याला परवडत नव्हते. आपला दाब तर त्याच्याही नवव्या हिश्श्याचा आहे.

अण्णा : हे तत्त्व मला मान्य आहे, पण तत्त्वावरून थेट अंगठ्याएवढ्या केबलवर उडी मारण्यापूर्वी आपण आकडे मांडू. तांब्याची एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाची तार घेतली, तर तिचा रोध 0.0172 ओहम भरतो. अंतर 5 मीटर असले तरी प्रवाहाला जाऊन परत यावे लागते, म्हणून लांबी 10 मीटर धरली पाहिजे. आणि पुष्कळ लोक नेमके येथेच फसतात, कारण ते जाण्याचा रस्ता मोजतात आणि परतीचा चेसिसच्या माथी मारून मोकळे होतात. आता 16 चौरस मिलिमीटरची तार घेतली तर दीडशे अँपिअरांना सुमारे 1.6 व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. 35 ची घेतली तर पाऊण व्होल्ट. 50 ची घेतली तर अर्धा व्होल्ट. आणि 70 ची घेतली तर 0.37 व्होल्ट, म्हणजे शेकडा तीनच्या किंचित वर.

मिस्त्री : म्हणजे माझ्या हाताने जे मोजले तेच तुमच्या कागदाने मोजले.

अण्णा : निष्कर्ष एक आला, परंतु मला त्याचे कारण हवे आहे. ही मोटार एका वेळी अर्धा मिनिट चालते, पुष्कळ झाले तर एक मिनिट. 16 ची तार दीडशे अँपिअर सतत पेलू शकणार नाही, हे उघड आहे. पण अर्ध्या मिनिटात ती वितळणारही नाही. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ख्यातनाम झालेल्या विल्यम थॉमसन यांनी 1881 साली असा नियम मांडला, की तारेत वर्षभरात वाया जाणाऱ्या विजेची किंमत आणि तांब्यात गुंतविलेल्या भांडवलाचा वार्षिक बोजा समसमान होईल, तेथे तारेची जाडी सर्वांत काटकसरीची ठरते. दिवसाकाठी चार-पाच मिनिटे चालणाऱ्या मोटारीला हा नियम लावला, तर बारीक तारच स्वस्त पडेल.

मिस्त्री : तो नियम वीज विकणाऱ्या कंपन्यांना उपयोगी असेल, ट्रेलरच्या मालकाला विजेचा खर्च जाणवतच नाही, त्याला जाणवतो तो रॅम्प अर्ध्यावर थांबल्याचा खर्च. दिवसभर काम झालेली बॅटरी भाराखाली अगोदरच अकरा व्होल्टांपर्यंत उतरलेली असते. त्यातून तुमचा दीड व्होल्ट गेला, की मोटारीच्या तोंडाशी साडेनऊ राहतात. मोटार संथ होते, तिला जोडणारा सोलेनॉइड आपली पकड सोडू लागतो, तो थरथरला की त्याचे तांब्याचे संपर्क ठिणग्यांनी भाजतात, आणि एक दिवस ते एकमेकांना असे चिकटतात की बटण सोडले तरी मोटार थांबत नाही. अर्ध्या मिनिटात तार वितळत नाही, हे खरे. परंतु संपर्क चिकटल्यानंतर ते अर्धे मिनिट संपतच नाही. त्या वेळी हाताशी असतो तो केवळ हा स्विच.

अण्णा : हे मला नवीन आहे आणि पटण्यासारखे आहे. इमारतीत दाब कमी पडल्याने दिवा मंद होतो. येथे दाब कमी पडल्याने आगीची सुरुवात होऊ शकते. मग दाबच का वाढवू नये? 24 व्होल्टांची मोटार घेतली, तर त्याच कामाला 75 अँपिअर पुरतील. आणि त्या स्थितीत 16 ची तार जेवढा टक्का खाईल, जवळजवळ तेवढाच 12 व्होल्टांवर 70 ची खाते. दाब दुप्पट, तर तांबे चतुर्थांश.

मिस्त्री : नवीन ट्रेलर बांधावयाचा असेल, तर मीही हाच सल्ला देईन, कारण आपल्याकडील अवजड ट्रक बहुतांशी 24 व्होल्टांवरच चालतात आणि पुढच्या घोड्याकडून, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रककडून, ट्रेलरची बॅटरी भरून घेणेही मग सुलभ होते. परंतु जेथे 12 व्होल्टांची मोटार बसलेली आहे, तेथे तांब्याला पर्याय नाही.

अण्णा : ठीक. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा स्विच कशासाठी बसवावयाचा आहे? कारण हेतू ठरल्यावाचून तार ठरत नाही.

मिस्त्री : मालक सांगतात त्याप्रमाणे, ट्रेलर आठ-आठ दिवस उभा राहतो, कुठे तरी थोडाथोडा प्रवाह झिरपत राहतो आणि बॅटरी मरते, शिवाय कोणी परक्याने बटण दाबून रॅम्प खाली सोडू नये. एवढाच हेतू.

अण्णा : माझ्या मते हा हेतू अपुरा आहे. येथून थोड्याच अंतरावर, शिवडी आणि वडाळ्याच्या तेलाच्या डेपोंतून जे टँकर बाहेर पडतात, त्यांच्यावर बॅटरी तोडणारा भक्कम स्विच बॅटरीच्या निकट असावा, अशी पेट्रोलियम नियमांची सक्ती आहे. बॅटरी मरू नये म्हणून सरकारने ही तजवीज केलेली नाही. अपघाताच्या क्षणी एका हाताच्या हालचालीने वाहनातील वीज मृत व्हावी, हा तिचा उद्देश आहे. आपल्या ट्रेलरवर पेट्रोल नसले तरी हायड्रॉलिकचे तेल आहे, रबर आहे, लाकडी पाट्या आहेत. म्हणून माझे म्हणणे असे, की ट्रेलरवरील कोणताही भार या स्विचाला चुकवून बॅटरीला जोडला जाऊ नये.

मिस्त्री : त्याला एक अपवाद मी ऐकून आहे. अमेरिकेत लहान ट्रेलरना विजेचे ब्रेक असतात, आणि ट्रेलर गाडीपासून निखळला तर ते आपोआप लागावेत म्हणून त्या ब्रेकची तार मुद्दाम स्विचाच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून घेतात. आपल्याकडील मोठ्या ट्रेलरना हवेचे ब्रेक असतात. त्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवत नाही आणि तुमचा नियम जशाचा तसा लागू पडतो.

अण्णा : मग फ्यूज कोठे?

मिस्त्री : बॅटरीच्या मुख्य केबलला फ्यूज घालण्याची आमच्याकडे पद्धत नाही. ट्रकच्या स्टार्टरची केबल पाहा. बॅटरीपासून थेट स्टार्टरपर्यंत, मध्ये काही नाही. पन्नास वर्षे गाड्या अशाच चालल्या आहेत.

अण्णा : येथे मात्र मी तुमच्याशी तडजोड करणार नाही. स्टार्टरची केबल बहुधा आखूड असते, तिचा मार्ग कारखान्याने आखून दिलेला असतो, आणि स्टार्टर कित्येक शे अँपिअर घेत असल्याने तेथे फ्यूज घालणे अवघड पडते. आपली केबल ट्रेलरच्या पोटाखालून, लोखंडी कडांवरून, साखळ्या आणि तुळया ज्यावर आदळतात अशा फळीखालून पाच मीटर जाणार आहे. एका खड्ड्यात तिचे आवरण फाटून तांबे चेसिसला टेकले, तर प्रवाह किती वाहील? मोठ्या बॅटरीचा अंतर्गत रोध अवघा काही सहस्रांश ओहम असतो. म्हणजे दोन हजार अँपिअरांच्या घरात प्रवाह जाऊ शकतो. रस्त्यावरचा वेल्डर शंभर-दोनशे अँपिअरांत लोखंड जोडतो. बारा व्होल्टांचा झटका माणसाला बसत नाही, म्हणून लोक बॅटरीला निरुपद्रवी समजतात. पण झटका न देणारी वीजही घर जाळू शकते.

मिस्त्री : तशा वेळी स्विच बंद केला की झाले.

अण्णा : तो बंद करणारा माणूस त्या क्षणी केबिनमध्ये, किंवा जेवणाच्या खानावळीत, किंवा झोपेत असेल. स्विच हा माणसाच्या हाताने चालतो. फ्यूज माणसाची वाट पाहत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे असे, की बॅटरीच्या टर्मिनलपासून फ्यूजपर्यंतची तार कोणाच्याच संरक्षणाखाली नसते. तिच्यावर संकट आले तर तिला सोडविणारे काहीही नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या इतका निकट असावा की मधली तार वीतभरापेक्षा लांब राहू नये, स्विच त्याच्या पुढे यावा, आणि मग केबल मागे जावी. फ्यूजचा आकडाही मोटारीकडे पाहून थांबू नये. तो मोटारीच्या प्रवाहाहून मोठा, पण तारेच्या सोसण्याच्या मर्यादेहून लहान असला पाहिजे. फ्यूज यंत्राच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. 150 अँपिअरची मोटार असेल तर 200 चा फ्यूज, आणि त्याला साजेल अशी 70 ची केबल. आता तुमची जाड केबल मला दुसऱ्या वाटेने मान्य करावी लागते.

मिस्त्री : अण्णा, तुमचे हे म्हणणे मी मान्य करतो. परंतु फ्यूजविषयी तुम्ही जे एकदा म्हणालात, ते ट्रेलरवर दोनदा म्हणावे लागेल. घोड्याच्या बॅटरीवरून ट्रेलरची बॅटरी भरण्यासाठी जी तार मागे येते, तिच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कोठेही ती चेसिसला टेकली, तर दोन्हीकडून प्रवाह धावत येईल. तेव्हा तिला दोन्ही टोकांस फ्यूज पाहिजे. आणि ट्रेलरचा स्विच बंद केला तरी घोड्याकडून येणारी वीज जिवंतच राहते, हे तिच्या जोडणीपाशी लिहून ठेवले पाहिजे.

अण्णा : हे माझ्या ध्यानात आले नव्हते, इमारतीत वीज एकाच बाजूने येते. त्याच कारणाने स्विच कोणत्या तारेवर, हेही ठरवून घेऊ. ट्रकवर पुष्कळ ठिकाणी तो ऋण तारेवर, म्हणजे अर्थिंगच्या बाजूला असतो.

मिस्त्री : ट्रकवर ते चालते, कारण तेथे बॅटरीची ऋण तार एकाच जागी चेसिसला मिळते. ट्रेलरवर मात्र ऋण तार तोडली तरी जोडणीच्या तारांतून आणि घोड्याच्या चेसिसमधून परतीचा दुसरा रस्ता उघडा राहू शकतो. स्विच बंद दिसतो आणि प्रवाह चालू असतो. म्हणून येथे धन तारेवर. आणि परतीची तारही गंजलेल्या, रंग चढलेल्या चेसिसच्या भरवशावर न टाकता जाण्याच्या तारेएवढ्याच जाडीची, स्वतंत्र, बॅटरीपर्यंत आणलेली असावी.

अण्णा : स्विचाऐवजी कोणी इमारतीतील एमसीबी बसवील, त्यालाही एक इशारा देऊन ठेवतो. आपल्या घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, आणि त्या क्षणी तुटणारी ठिणगी आपोआप विझते; बॅटरीची वीज शून्यावर कधीच येत नाही, म्हणून तिची ठिणगी ताणली जाऊन जळत राहते. एकदिश विजेसाठी बनविलेला स्विचच घ्यावा, आणि त्यावरील आकडा सतत पेलण्याचा आहे की काही सेकंदांचा, हे वाचून घ्यावे. 'पाचशे अँपिअर' असे मोठ्या अक्षरांत छापलेला स्विच सतत शंभरच पेलत असेल, तर दुकानदाराची शिफारस निरुपयोगी होय.

मिस्त्री : आणि मोटार चालू असताना, किंवा घोड्याचे इंजिन सुरू राहून बॅटरी भरत असताना, तो सहज म्हणून फिरवू नये. संकटात अवश्य फिरवावा. रोजच्या कामात नाही. आता तार कोठून घ्यावी ते बोलू. दारूखान्यात जहाजमोडीतून निघणारी केबल मिळते. तिच्या तांब्यावर कलई असते आणि बंदराच्या खाऱ्या हवेत कलईचे तांबे हिरवे पडत नाही. माझा पहिला कौल तिला.

अण्णा : कलईविषयी तुमचे म्हणणे रास्त आहे, जेथे मिळेल तेथे कलईचे तांबे घ्यावे. परंतु जहाजातून निघालेली केबल किती वर्षे कोणत्या उष्णतेत राहिली, हे कोणता दस्तऐवज सांगतो? तिचे आवरण कडक होऊन वळणावर तडकण्याचा संभव असतो, आणि तिच्यातील तारा पुष्कळदा जाड व थोड्या असतात. ट्रेलरच्या कंपनांना शेकडो बारीक तारांची नरम केबल पाहिजे. लोहार चाळीत वाहनांसाठीची केबल मिळते, तिचे भारतीय मानक 2465 आहे. किंवा वेल्डिंगची केबल, मानक 9857, जिच्या बारीक तारांमुळे ती दोरासारखी वळते. मात्र तीही तेल, उष्णता व ज्वाला यांना दाद न देणाऱ्या आवरणाचीच घ्यावी आणि वरून नळी चढवावी, कारण साधे रबर तेलाने फुगते आणि उन्हाने चिरते.

मिस्त्री : आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमपासून सावध राहावे. बाहेरून दोन्ही सारख्याच लाल दिसतात, पण ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो, आणि खाऱ्या दमट हवेत तांब्याशी त्याची गाठ पडली की जोड कुजतो. मी तार सुरीने खरवडून पाहतो.

अण्णा : मी तराजूवर पाहतो. 70 चौरस मिलिमीटरच्या एक मीटर केबलमध्ये तांबेच सव्वासहाशे ग्रॅम भरले पाहिजे. आवरणासकट तुकडा त्याहून हलका भरला, तर एक तर धातू खोटा किंवा माप खोटे.

मिस्त्री : शेवटी जोड. आमच्या जुन्या लोकांची रीत अशी, की तारेच्या टोकाचा लग हातोड्याने ठोकायचा आणि वर सोल्डरने झाळायचा. मी ती सोडली आहे. सोल्डर तारेत वर चढून तिला कडक करते, आणि नरम व कडक यांच्या सीमेवर कंपनांनी एकेक तार तुटत जाते. हायड्रॉलिक पक्कडीने, लगच्या मापाच्याच साच्यात दाबलेला जोड, वर गोंद असलेली आकसणारी नळी, लोखंडातून जाताना रबरी बुश, आणि हातभर अंतरावर एकेक पट्टी. जेथे केबल हलते तेथे ती घासते, आणि जेथे घासते तेथेच ती एक दिवस उघडी पडते.

येथे दोघांचा वाद संपतो, आणि माझ्या मते तो दोघांच्याही बाजूने संपतो. घराच्या विजेवर वाढलेल्या माणसाने हे शिकावे, की कमी दाब म्हणजे कमी तांबे नव्हे, तर नेमके उलट. आणि वाहनांच्या विजेवर वाढलेल्याने हे शिकावे, की केबल जाड आहे म्हणून ती सुरक्षित नसते, उलट जाड केबल संकटकाळी अधिक प्रवाह वाहू देते. जाडीने काम नीट होते. सुरक्षितता मात्र बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील त्या वीतभर तारेवर व तिच्या जोडांवर अवलंबून असते, आणि नेमकी तीच तार पुष्कळदा कोठल्या तरी उरलेल्या तुकड्यातून कापून लावली जाते.

तेव्हा ट्रेलरच्या मालकांना माझी विनंती आहे, की स्विच विकत घेण्यापूर्वी चार आकडे कागदावर लिहावेत : मोटारीचा पूर्ण भाराचा प्रवाह, जाण्यायेण्याची मिळून लांबी, तारेत खर्ची पडणारा दाब, आणि फ्यूजची मर्यादा. वर चर्चिलेल्या ट्रेलरसाठी निर्णय असा : 12 व्होल्टांवर 70 चौरस मिलिमीटरची नरम तांब्याची केबल आणि 200 अँपिअरचा फ्यूज, 24 व्होल्टांवर, 16 ऐवजी थोडी सवड ठेवून, 25 ची केबल आणि 100 चा फ्यूज, दोन्हींत फ्यूज बॅटरीलगत, स्विच धन तारेवर, आणि परतीची तार तेवढ्याच जाडीची. भार वेगळा असेल, अंतर वेगळे असेल, तर हे आकडे उसने घेऊ नयेत. हिशेब पुन्हा मांडावा. आणि काम पुरे झाल्यावर रॅम्प पूर्ण भाराने चालवून, प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावून किती दाब हरवतो ते पाहावे. जो जोड दाब खातो तो तेव्हाच उकलून नव्याने करावा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नये.